जुन्या गेमिंग कॉम्प्युटरला कोणतं ग्राफिक्स कार्ड? घेण्याआधी आणि लावल्यावर करायच्या तपासण्या

जुने गेमिंग कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात तेव्हा दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "गेम अडकतोय, कोणतं कार्ड टाकू?" आणि "कार्ड टाकलं, तरी अडकतोयच." दोन्हींचं मूळ एकच असतं. कार्ड आधी ठरतं आणि कॅबिनेट नंतर उघडलं जातं. खरं तर कोणतं कार्ड घ्यायचं याचं बरंचसं उत्तर कॅबिनेटच्या आतच लिहिलेलं असतं: एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) लेबलवर, मदरबोर्डवर छापलेल्या नावात, प्रोसेसरच्या नंबरात.

इथे ज्या मशीनबद्दल बोलतोय ती साधारण अशी: चौथ्या पिढीचा आय५, एच८१ बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, हार्ड डिस्क, फार तर जीटीएक्स ७५० टीआय आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस. किंवा मग ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला डेल ऑप्टिप्लेक्स. कार्डासाठी मुलानं पैसे साठवलेले असतात, आई-वडिलांनी थोडी भर घातलेली असते. ते पैसे नको त्या वस्तूवर गेलेले पाहवत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं

तुमची तक्रार यातली कोणती ते नीट ठरवा. पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून आहे.

- गेम चालतो, पण मध्येच झटका बसतो. नवीन भागात शिरताना किंवा समोर गर्दी झाली की जास्त. एरवी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ठीक असतात.
- एफपीएस सतत कमी असतात, पण ग्राफिक्स सेटिंग खाली आणली की लगेच वाढतात.
- सेटिंग तळाला नेली तरी एफपीएस जवळपास तेवढेच राहतात.
- नवं कार्ड लावलं, पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल".
- विंडोजमध्ये तासन्‌तास काही होत नाही, गेम सुरू केल्यावर कॉम्प्युटर एकदम बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो.
- कार्ड व्यवस्थित चालतं, पण व्हिडिओत पाहिलेल्या आकड्यांच्या निम्मेच एफपीएस मिळतात.
- पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, उभ्या रेषा दिसतात.

यातलं फक्त दुसरं लक्षण "कार्ड कमी पडतंय" असं स्पष्ट सांगतं. बाकीच्यांची कारणं बहुतेक वेळा दुसरीकडे सापडतात. आता फुकटच्या तपासण्यांपासून सुरुवात करू.

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे?

कॅबिनेटच्या मागे पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला आहे की खाली आडव्या बसलेल्या कार्डच्या पोर्टला? आय५-४५७० सारख्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असतं. केबल मदरबोर्डला राहिली तर पडदा दिसतो, विंडोज चालतं आणि गेम मात्र त्या छोट्या ग्राफिक्सवर रडतखडत चालतो. काही बोर्डांवर कार्ड लावलं की मदरबोर्डचं पोर्ट बंद होतं. तिथे "नो सिग्नल" येतं आणि कार्ड खराब समजून परत जातं.

मॉनिटर जुना, फक्त निळ्या व्हीजीए पोर्टचा असेल तर आणखी एक अडचण असते. एनव्हिडियाच्या १० मालिकेपासून पुढच्या कार्डांमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. डीव्हीआयचं साधं जोडणीचं टोक लावून उपयोग होत नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. तो स्वस्त मिळतो, पण कार्ड घेतानाच घेऊन ठेवा.

नेमकं कोण कमी पडतंय?

ही तपासणीही फुकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाची आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम टाका. त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरने गेमच्या कोपऱ्यात कार्डचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, रॅम, तापमान आणि एफपीएस दाखवायला लावा. व्हर्टिकल सिंक आणि गेममधली एफपीएस मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतात. मग ज्या ठिकाणी गेम हमखास अडकतो तिथे जा.

कार्डचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीनं काम करतंय आणि तेच कमी पडतंय. वापर ५०-६० टक्क्यांवर असेल आणि एखादा-दुसरा कोअर शंभराला टेकला असेल, तर प्रोसेसर मागे पडतोय. अशा मशीनमध्ये दुप्पट ताकदीचं कार्ड टाकलं तरी तेवढेच एफपीएस मिळतील, फक्त कार्डचा वापर आणखी खाली येईल.

खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणा. त्यामुळे कार्डचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस उडी मारून वर गेले तर कार्डाचा दोष, जागेवरच राहिले तर प्रोसेसरचा. दुकानात जायच्या आधी एवढी एकच चाचणी केलीत तरी चालेल, पण ती करा.

मॉनिटरचे आकडेही याच वेळी टिपून ठेवा. पडदा १३६६×७६८ चा आणि ६० हर्ट्झचा असेल, तर १०८० रिझोल्यूशनला १२० एफपीएस देणारं कार्ड तुमच्या कामाचं नाही. लहान पडद्याला त्याहून बरंच खालचं कार्ड पुरतं. वाचलेल्या पैशात एसएसडी येते.

धूळ, गरमी, ड्रायव्हर

प्रोसेसर किंवा कार्ड तापलं की ते आपणहून वेग कमी करतं. पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो आणि मग बसतो, अशी तक्रार असेल तर आधी इथेच पाहा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे धुळीनं भरलेल्या हीटसिंकला वावच उरत नाही. इंटेलच्या मूळ कूलरचे चार प्लास्टिक खिळे असतात. त्यातला एक जरी तुटून सुटला, तरी कूलर एका बाजूनं उचलला जातो आणि प्रोसेसर थेट शंभर अंशांकडे जातो. चारही घट्ट आहेत का ते हलवून पाहा. आठ-दहा वर्षांच्या मशीनची थर्मल पेस्ट वाळून गेलेली असते, ती बदला. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, वेड्यासारखा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

कोकणात, समुद्राजवळच्या गावांत, वेगळी गोष्ट पाहावी लागते: कार्ड आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या. दमट हवेनं त्यांच्यावर थर चढतो आणि कॉम्प्युटर कधी सुरू होतो, कधी नाही. स्वच्छ पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून परत बसवा. "नो सिग्नल"च्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

ड्रायव्हर बदलताना, विशेषतः एनव्हिडियाकडून एएमडीकडे किंवा उलट जाताना, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना पूर्ण काढा आणि मग नवा टाका. जुन्याचे अवशेष राहिले की गेम उघडताच बंद होणं, पडदा क्षणभर काळा होणं असे प्रकार होतात.

रॅम आणि डिस्क

झटके बसतात पण सरासरी एफपीएस ठीक आहेत, हे पहिलं लक्षण असेल तर कार्डाचा विचार सध्या बाजूला ठेवा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दोन अडचणी एकदम असतात. जागा कमी पडते आणि रॅम एकाच चॅनेलवर चालते, म्हणजे प्रोसेसरला माहिती निम्म्या रुंदीच्या वाटेनं मिळते. तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी लावली की दोन्ही सुटतात. जुनी डीडीआर३ रॅम वापरलेली चालते, फक्त दोन्ही पट्ट्या एकाच वेगाच्या घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून तपासा.

हार्ड डिस्कवरून चालणारा मोठ्या नकाशाचा गेम झटके देणारच. पुढचा रस्ता, इमारती, माणसं डिस्कवरून वेळेत येत नाहीत. साधी साटा एसएसडी लावली की हे थांबतं, आणि ती पुढच्या कॉम्प्युटरलाही लावता येते. शंका असेल तिथे मी कार्डाआधी एसएसडीच सुचवतो.

एसएमपीएस आणि यूपीएस

इथे घाई करू नका. गेममध्ये गेल्यावर रीस्टार्ट होणारी मशीन बहुतेक वेळा याच ठिकाणी अडकलेली असते आणि नुकसानही इथेच सगळ्यात मोठं होतं.

कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० किंवा ५०० वॅट छापलेलं असतं. ते वाचू नका. बाजूच्या लेबलवरचा तक्ता पाहा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? त्याला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही याच १२ व्होल्टवर जगायचं असतं, बाकीचे वॅट त्यांच्या उपयोगाचे नाहीत.

आता हिशेब मांडा. आय५-४५७० चे ८४ वॅट. आरएक्स ६६०० या एएमडीच्या कार्डचे १३२ वॅट. बोर्ड, डिस्क, पंख्यांचे मिळून ४०-५० धरा. बेरीज साधारण २५५ ते २६५ होते. २१६ वॅटचा एसएमपीएस ही बेरीज झेपवू शकत नाही. विंडोजमध्ये कार्ड झोपलेलं असतं म्हणून सगळं ठीक दिसतं. गेमचा पहिला मोठा स्फोट पडद्यावर आला की मशीन बसते. चांगल्या कंपनीचा खरा ४५० वॅटचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस या जोडीला आरामात पुरतो. ६५० किंवा ७५० घ्यायची गरज नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

कार्डला वीज तीन वाटांनी मिळते. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनच्या वायरीतून ७५ आणि आठ पिनच्या वायरीतून १५०. तुमच्या एसएमपीएसला सहा किंवा आठ पिनची वायरच नसेल, तर ते कार्ड पेलण्यासाठी तो बनवलेलाच नाही, असं समजा. साटाच्या वायरीवरून सहा पिन करणारे कन्व्हर्टर सर्रास मिळतात. ते वापरू नका. साटाच्या टोकाची १२ व्होल्टवरची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट आहे. कार्ड ७५ मागतं. ते टोक वितळलेलं, काळं पडलेलं मी पाहिलं आहे.

यूपीएसकडेही लक्ष द्या. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, तोही बॅटरी नवी असताना. मॉनिटर, कॉम्प्युटर आणि वर स्पीकर लावले आणि बॅटरी तीन वर्षांची झाली असेल, तर लाइट गेल्याक्षणी सगळंच बंद पडतं. मशीन फक्त भारनियमनाच्या वेळी किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर रीस्टार्ट होत असेल, तर कार्ड आणि एसएमपीएस दोघांनाही दोष देऊ नका. तपासण्यासाठी यूपीएस बाजूला काढून थेट चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटवर गेम चालवून पाहा. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचण्यासाठीचं सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस काही साध्या यूपीएसच्या बॅटरीवर नीट चालत नाहीत. तिथे यूपीएस बदलावा लागतो.

ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या ब्रँडेड मशीनमध्ये मदरबोर्डला जाणारी एसएमपीएसची वायर नेहमीच्या २४ पिनांची नसते. बाजारातला साधा एसएमपीएस सरळ बसत नाही, खास जोडवायर लागते. त्यामुळे अशा मशीनमध्ये फक्त स्लॉटच्या विजेवर चालणारं कार्ड घेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

स्लॉट आणि जागा

"निम्मेच एफपीएस मिळतात" याचं एक कारण कुणी सांगत नाही. स्लॉट लांबीला सारखाच दिसतो, पण त्याचा वेग बोर्डागणिक बदलतो. चौथ्या पिढीचा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस ३.० देतो. पण एच८१ बोर्डावर तोच स्लॉट २.० च्या वेगानं चालतो. बी८५ वर ३.०. दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर कुठेही २.० च.

याचा कार्डाशी संबंध असा. आवृत्ती २.० मध्ये एका लेनमधून (माहिती जाण्याच्या एका वाटेतून) सेकंदाला साधारण अर्धा जीबी माहिती जाते, ३.० मध्ये जवळपास एक. सोळा लेनचं कार्ड एच८१ वर ८ जीबी वेगानं चालतं, ते पुरतं. आरएक्स ६६०० ला आठच लेन आहेत, म्हणजे ४ जीबी. थोडं नुकसान होतं, पण त्याची स्वतःची ८ जीबी मेमरी असल्यानं सावरून घेतं. आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० ला चारच लेन आहेत. एच८१ वर हे फक्त २ जीबी. त्यात कार्डची मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्ड मुख्य रॅमकडे धावतं आणि त्या अरुंद वाटेत अडकतं. सरासरी आकडा ठीक दिसतो आणि हातात मात्र झटके येतात. म्हणून जुन्या बोर्डांवर ६५०० एक्सटी लावू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. या दोन कार्डांत व्हिडिओ रेकॉर्ड करायची चिपही नाही, स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी तेही लक्षात घ्यावं.

तुमचा स्लॉट किती लेनवर आणि कोणत्या आवृत्तीवर चालतोय हे जीपीयू-झेड या कार्डची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये "बस इंटरफेस" या ओळीत दिसतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावरची चाचणी चालू करून मग वाचा. रिकाम्या वेळी कार्ड वीज वाचवायला वेग कमी करतं आणि आकडा चुकीचा वाटतो.

जागेचं गणित साधं आहे, टेपनं मोजा. दोन पंख्यांची कार्डं बहुधा २०० ते २५० मिलिमीटर लांब असतात. जुन्या कॅबिनेटमध्ये समोरचा हार्ड डिस्कचा पिंजरा आड येतो. छोट्या बोर्डांवर साटाची टोकं नेमकी कार्डाखाली येतात, तिथे वाकडं टोक असलेली केबल लागते. ऑप्टिप्लेक्सचं छोटं मॉडेल असेल तर अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल कार्डच बसतं. पूर्ण उंचीचं आणून झाकण उघडं ठेवणं हा उपाय नाही.

बायोस

कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालतं, तुमच्या कॉम्प्युटरवर पडदा येत नाही, वायरी बरोबर आहेत. अशा वेळी बोर्डाचं बायोस (सुरू होताना चालणारा बोर्डाचा मूळ प्रोग्राम) जुनं असण्याची शक्यता मोठी. एच६१ च्या काळातल्या काही बोर्डांवर युईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) नव्हतंच किंवा अर्धवट होतं, आणि नवी कार्डं सुरू होतानाच युईएफआयची अपेक्षा करतात. बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं आणि नेमक्या आवृत्तीचं शेवटचं बायोस आहे का ते पाहा. बोर्डाच्या कोपऱ्यात "रेव्ह" नंतर छापलेला आकडा जुळलाच पाहिजे.

इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनमध्ये टाळा. ए७५० किंवा बी५८० चे आकडे आकर्षक आहेत, पण त्यांना रिझायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतो आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सांगते. तुमचा बोर्ड नवा असेल आणि रिझायझेबल बार चालू करायचा असेल, तर सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची बायोसमधली सोय) बंद करावं लागतं. त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची असली पाहिजे, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. विंडोज १० मध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

प्रोसेसरच कमी पडत असेल तर

सप्टेंबर २०२३ मध्ये सीएस:गो च्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला. काल १५० एफपीएस मिळत होते, आज ६० सुद्धा नाहीत, म्हणून कितीतरी जणांनी कार्ड बदलायला घेतलं. सीएस २ आणि व्हॅलोरंट हे दोन्ही प्रोसेसरवर जास्त भार टाकणारे गेम आहेत. तिथे आय३ किंवा आय५ काढून त्याच बोर्डावर बसणारा वापरलेला आय७-४७९० लावला, तर चार कोअरना आठ थ्रेड मिळतात आणि झटके बरेच कमी होतात. बायोस त्याला ओळखतं का ते आधी पाहा. एएमडीच्या एएम४ बोर्डावर रायझन १६०० किंवा २६०० असेल तर आणखी चांगलं. बायोस बदलून रायझन ५६०० बसवता येतो आणि मशीनला बरीच वर्षं मिळतात.

तिसऱ्या पिढीच्या आय७-३७७० वर फार पैसे घालू नका. त्यात एव्हीएक्स२ ही सूचनावली नाही, ती २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आली. काही नवे गेम तिच्याशिवाय उघडतच नाहीत, कार्ड कोणतंही असो. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. जुन्या मशीनवर किती खर्च करायचा हे ठरवताना हा विचार हवाच. माझा ठोकताळा असा: कार्ड आणि नवा एसएमपीएस मिळून जो खर्च होईल, त्यातला निदान मोठा भाग पुढच्या कॉम्प्युटरमध्ये जसाच्या तसा काढून लावता आला पाहिजे.

आता कार्ड

एवढं झाल्यावर पर्याय फार उरत नाहीत.

एसएमपीएस बदलायचाच नसेल आणि जास्तीची वायर नसेल, तर ७५ वॅटच्या आतलं कार्ड. नव्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटवर चालतं, स्लॉटच्या विजेवर. ते आणि २०२२ चं ८ जीबीचं ३०५० ही वेगळी कार्डं आहेत, जुनं १३० वॅटचं आणि जास्त वेगवान होतं. नाव एक म्हणून भाव एक समजू नका. जीटीएक्स १६५० अजूनही चांगलं, सोळा लेनचं आहे, फक्त सहा पिन नसलेलं मॉडेल मागा, दोन्ही प्रकार मिळतात. अर्ध्या उंचीचंच हवं असेल तर बी८५ किंवा नव्या बोर्डावर आरएक्स ६४०० चालून जातं.

चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस असेल तर १०८० रिझोल्यूशनसाठी आरएक्स ६६००. इतक्या कमी विजेत इतकं काम करणारं, ८ जीबी मेमरीचं दुसरं कार्ड या वर्गात मला सापडलेलं नाही. एच८१ वर सोळा लेन हव्या असतील तर वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरटीएक्स २०६०.

जीटी ७१०, जीटी ७३० यांना गेमिंग कार्ड म्हणून घेऊ नका. खोक्यावर "४ जीबी" लिहिलेलं असतं, पण त्या चिपला ती मेमरी वापरण्याची ताकदच नाही, आणि त्या पिढीचे नवे गेमिंग ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. जीटी १०३० चा डीडीआर४ प्रकार तर टाळाच, त्याच्या मेमरीचा वेग जीडीडीआर५ प्रकाराच्या जवळपास एक तृतीयांश आहे. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० वापरलेली स्वस्त मिळतात, पण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्या पिढीला फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवले आहेत. तेच जुने चार गेम खेळणार असाल तर हरकत नाही.

वापरलेलं कार्ड घेताना सावध राहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनानं कार्डांवर चालणारं खाणकाम (माइनिंग) बंद केलं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं बाजारात आली. खाणकामातलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावातल्या ओळखीच्याकडून, तुमच्यासमोर निदान अर्धा तास भार देऊन चालवून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड उघडा. १०५० टीआय मध्ये ७६८ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) असतात. आरएक्स ५८० मध्ये २३०४. २०४८ दिसले तर ते खालचं मॉडेल ५८० च्या नावानं विकलं जातंय. जीपीयू-झेड वर नावाआधी "फेक" असा शब्द आला तर तिथून निघा. आणि १०५० टीआय च्या मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं, तर आत जुनी चिप घालून बायोस बदललेलं कार्ड असल्याचा दाट संशय घ्या. नवं घेत असाल तर १८ टक्के जीएसटीसह पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डचा सिरीयल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय दोन हजार वाचतात आणि वॉरंटी जाते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

जळल्याचा वास आला, वायरीचं टोक पिवळं-काळं पडलं, एसएमपीएसमधून फटाक्यासारखा आवाज आला, तर प्लग काढा आणि परत चालू करून पाहू नका. एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहतो. तो दुरुस्त करायचाच नसतो, बदलायचा असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याला नको, वायरमनला बोलवा. घराचं अर्थिंग तपासलं जाईपर्यंत नवं कार्ड खोक्यातच ठेवा.

पडद्यावरचे रंगीत चौकोन दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या केबलवरही दिसत असतील तर कार्डची मेमरी किंवा चिप गेली आहे. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ पाहून तसं करू नका. विषारी धूर होतो, अन्नाच्या ओव्हनमध्ये तर मुळीच नको, आणि कार्ड चाललंच तर काही दिवस. चिप बदलण्याचं काम बीजीए मशीन (चिप गरम करून काढणारं आणि बसवणारं) असलेल्या दुकानातच होतं. आधी खर्चाचा अंदाज विचारा. वापरलेल्या कार्डच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त सांगितला तर दुरुस्ती करू नका.

बायोस बदलताना मध्येच लाइट गेली तर बोर्ड उठत नाही. भरवशाचा यूपीएस नसेल किंवा बोर्डाची आवृत्ती जुळतेय याची खात्री नसेल, तर ते काम दुकानातच करून घ्या. तिथे प्रोग्रामर असतो, बिघडलं तरी बायोसची चिप परत लिहिता येते.

दुकानात जाताना मोबाइलमध्ये चार फोटो घेऊन जा: एसएमपीएसचं लेबल, बोर्डाचं नाव, कॅबिनेटची आतली बाजू टेप धरून, आणि गेम अडकतो त्या क्षणाचा आफ्टरबर्नरचा पडदा. एवढं दाखवल्यावर दुकानदाराला नेमकं कार्ड सुचवता येतं.